विद्यार्थी व्हिसासाठी पैसे दाखवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑफर लेटर येतं, पेढ्यांसारखं ते सगळ्यांना दाखवून होतं आणि मग विषय निघतो: खात्यात किती दाखवायचे? या पानाची सुरुवात त्याच प्रश्नापासून आहे. पण मी जेवढ्या फाइली पाहिल्या त्यातल्या अडकलेल्या फाइलींमध्ये आकडा कमी पडला असं क्वचितच होतं. पैसा कुणाचा, कुठून आला, केव्हापासून आहे आणि लागेल तेव्हा हातात येणार का, हे कागदांवरून कळत नव्हतं म्हणून त्या अडकल्या. खालचे आकडे नियमांतले आहेत आणि नियम दर वर्ष-दोन वर्षांनी बदलतात. अर्ज भरायच्या दिवशी त्या-त्या सरकारच्या संकेतस्थळावर ते ताडून घ्याच.

एकूण किती रक्कम लागते?

सगळीकडे हिशोब साधारण सारखाच असतो: फी, अधिक राहण्याखाण्याचा खर्च, अधिक काही देशांत प्रवासखर्च. भरलेली फी वजा होते, पावती जोडली तर. फीचा आकडा विद्यापीठ देतं. राहण्याचा आकडा बहुतेक देशांत सरकार ठरवतं, तुम्ही काटकसरीनं राहणार की ऐटीत याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

ब्रिटनमध्ये ११ नोव्हेंबर २०२५ पासून लंडनसाठी दरमहा १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड, जास्तीत जास्त नऊ महिन्यांसाठी. म्हणजे लंडनला १३,७६१ आणि बाहेर १०,५३९. जर्मनीत वर्षाला ११,९०४ युरो. कॅनडात १ सप्टेंबर २०२५ पासून एकट्या विद्यार्थ्याला २२,८९५ कॅनडियन डॉलर; त्यात पहिल्या वर्षाची फी आणि प्रवास धरलेला नाही, आणि क्युबेक प्रांताचा हिशोब वेगळा आहे. ऑस्ट्रेलियात मे २०२४ पासून वर्षाला २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर. न्यूझीलंडमध्ये उच्च शिक्षणासाठी वर्षाला २०,००० न्यूझीलंड डॉलर. आयर्लंडमध्ये वर्षाला १०,००० युरो, फ्रान्समध्ये महिन्याला ६१५ युरो.

अमेरिकेत असा सरकारी आकडा नाही. तिथे विद्यापीठ स्वतःचा अंदाज काढतं आणि आय-२० या फॉर्मवर (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो प्रवेशाचा कागद) छापतं. तुमच्यासाठी तोच आकडा.

पूर्ण अभ्यासक्रमाचे पैसे दाखवायचे की एका वर्षाचे?

नियमानुसार बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षाचे. पण चार वर्षांच्या पदवीला निघालेल्या मुलाच्या खात्यात बरोबर एका वर्षाचे पैसे आणि पुढच्या तीन वर्षांबद्दल अवाक्षर नाही, अशी फाइल कमकुवतच. पुढच्या वर्षांसाठी खात्यात रोख नसली तरी चालते. पालकांचं उत्पन्न, मंजूर झालेलं कर्ज, मुदत ठेव असं काहीतरी दिसायला हवं.

ब्रिटनचा २८ दिवसांचा नियम नीट समजावून सांगाल का?

सांगतो, कारण सगळ्यात हकनाक नकार इथेच होतात.

लागणारी रक्कम सलग २८ दिवस खात्यात असायला हवी. सलग म्हणजे रोज. सरासरी शिल्लक बघत नाहीत, शेवटच्या दिवसाची तेवढी शिल्लकही बघत नाहीत. या २८ दिवसांतला शेवटचा दिवस तुमच्या अर्जाच्या तारखेपासून मागे ३१ दिवसांच्या आत यायला हवा.

उदाहरण घेऊ. लंडनमधला एक वर्षाचा अभ्यासक्रम, फी १८,००० पौंड, त्यातले ४,००० भरलेत. उरले १४,०००. त्यात राहण्याचे १३,७६१ मिळवले की २७,७६१ पौंड. अर्ज १ ऑगस्टला भरणार. स्टेटमेंट २५ जुलैपर्यंतचं आहे, म्हणजे २८ जून ते २५ जुलै या २८ दिवसांत शिल्लक एकदाही २७,७६१ पौंडांच्या खाली जाता कामा नये.

आता अशा एका स्टेटमेंटवर बोट ठेवून खाली येऊ या. २८ जून, शिल्लक व्यवस्थित. ४ जुलै, व्यवस्थित. १६ जुलैला नवीन लॅपटॉप घेतलाय, त्याच खात्यातून. शिल्लक साडेतीनशे पौंडांनी कमी पडली. १८ जुलैला वडिलांनी पैसे भरले, शिल्लक पुन्हा वर. घरच्यांच्या मते दोन दिवसांचा तर प्रश्न. नियमाच्या दृष्टीनं मोजणी १८ जुलैपासून पुन्हा एकपासून सुरू. १ ऑगस्टला अर्ज गेला तर तो नकारालाच गेला.

म्हणून दोन सवयी लावून घ्या. व्हिसासाठी ठेवलेलं खातं वेगळं असू द्या आणि त्याच्या कार्डाला त्या महिन्यात हात लावू नका. व्हिसा फी आणि आरोग्य अधिभार हे खर्च वेगळे आहेत, ते दुसऱ्या खात्यातून भरा. विद्यार्थ्यांसाठी अधिभारच वर्षाला ७७६ पौंड असतो. दुसरी गोष्ट, लागते त्यापेक्षा थोडी जास्त रक्कम ठेवा. ब्रिटन चलनाचं रूपांतर ओआंडा या विनिमयदराच्या संकेतस्थळावरच्या अर्जाच्या तारखेच्या दरानं करतं, तुमच्या बँकेच्या दरानं नाही. काठावर ठेवलेली रक्कम विनिमयदर जरा हलला की काठाखाली जाते.

इतर देशांतही २८ दिवसच लागतात का?

नाही. कॅनडाला साधारण मागच्या चार महिन्यांचं स्टेटमेंट लागतं, आयर्लंडला सहा महिन्यांचं. जर्मनीच्या ब्लॉक्ड अकाउंटला (हप्त्यानंच पैसे काढता येतात असं खातं) मागचा इतिहासच नसतो, पैसे त्यात पडले की झालं. एका देशासाठी तयार केलेली फाइल दुसऱ्या देशाला तशीच पाठवू नका.

खात्यात नुकतीच मोठी रक्कम जमा झाली आहे. अडचण येईल?

रक्कम मोठी आहे म्हणून येणार नाही. गप्प राहिलात तर येईल.

अधिकाऱ्याच्या जागी बसून बघा. चार महिने खात्यात जेमतेम पगाराएवढी शिल्लक, आणि अर्जाच्या आधी दहा दिवस अचानक पंचवीस पट. त्याच्या मनात पहिली शंका येणार की हे उसने आणून दाखवलेले पैसे आहेत आणि व्हिसा लागला की परत जाणार. या शंकेला तुमच्या फाइलमध्ये उत्तर नसेल तर तो स्वतःच उत्तर ठरवतो.

उत्तर एका पानाचं असतं. मुदत ठेव मोडली असेल तर ती मोडल्याची बँकेची पावती आणि तीच रक्कम खात्यात आल्याची नोंद. जागा विकली असेल तर विक्रीचा करार आणि खरेदीदाराकडून आलेली रक्कम. आजीनं दिले असतील तर बक्षीसपत्र आणि आजीच्या खात्याचं स्टेटमेंट, ज्यात तिच्याकडे एवढे पैसे होते हे दिसतं. बरेच जण बक्षीसपत्र जोडतात आणि देणाऱ्याचं स्टेटमेंट विसरतात. मग शंका फक्त एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकते. स्टेटमेंटवर ती नोंद पेन्सिलीनं खुणावून बाजूला "जोडपत्र ४ पाहा" असं लिहिलंत तर वाचणारा मनातून आभार मानतो. हजारो फाइली बघणाऱ्या माणसाला शोधाशोध करायला लावू नये.

रोख भरणा शक्य तितका टाळा. रोखीचा माग दाखवणं सगळ्यात अवघड.

पैसे कुणाचे चालतात? काका-मामांनी स्पॉन्सर केलं तर?

हे देशावर आहे. ब्रिटन याबाबत कडक आहे: खातं तुमचं, जोडीदाराचं, आईवडिलांचं किंवा कायदेशीर पालकाचं हवं. काका, मामा, आत्या, सख्खा मोठा भाऊ, कुणाचंही खातं थेट चालत नाही. त्यांना मदत करायचीच असेल तर पैसे तुमच्या किंवा आईवडिलांच्या खात्यात आणा आणि मग २८ दिवस मोजा. आईवडिलांचं खातं दाखवताना नात्याचा पुरावा म्हणून जन्मदाखला आणि "हे पैसे शिक्षणासाठी वापरायला आमची संमती आहे" असं सहीचं पत्र लागतं. जन्मदाखल्यावरचं आईचं नाव आणि बँकेतलं नाव वेगळं असेल तर ते जुळवणारा कागदही आत्ताच काढून ठेवा. तो मिळायला लागणारा वेळ कुणीच हिशोबात धरत नाही.

कॅनडा आणि अमेरिकेत नातेवाईक चालतात. पण लांबच्या नातेवाईकानं इतका पैसा का द्यावा, याचं पटेल असं कारण लागतं. त्या नातेवाईकाला स्वतःची दोन मुलं कॉलेजात असतील आणि उत्पन्न बेताचं असेल, तर त्याचं प्रेमळ पत्र फारसं उपयोगी पडत नाही. स्पॉन्सर जितका जवळचा तितके कागद कमी, असं धरून चाला.

ऑस्ट्रेलियात एक वेगळा रस्ता आहे. बचत दाखवण्याऐवजी आईवडिलांचं किंवा जोडीदाराचं वार्षिक उत्पन्न दाखवता येतं. एकट्या विद्यार्थ्यासाठी ते किमान ८७,८५६ ऑस्ट्रेलियन डॉलर हवं आणि सरकारी करकागदांवरून सिद्ध व्हायला हवं.

शैक्षणिक कर्ज घेतलं तर कमी लेखतात का?

नाही. उलट नीट मंजूर झालेलं कर्ज हा स्वच्छ पुरावा असतो: पैसा कुठून आला हे बँकेनंच लिहून दिलेलं असतं. ब्रिटनमध्ये अशा कर्जाला २८ दिवसांची अटही नाही. पत्र मात्र अर्जाच्या आधी सहा महिन्यांच्या आतलं हवं, कर्ज तुमच्या नावावर हवं आणि ते शैक्षणिक कर्ज आहे हे त्यात स्पष्ट हवं. वडिलांनी घेतलेलं वैयक्तिक कर्ज या खान्यात बसत नाही.

मंजुरीपत्र वाचताना एक ओळ शोधा. "तत्त्वतः मंजूर" किंवा "तारणाची कागदपत्रं पूर्ण झाल्यावर" असं लिहिलं असेल तर ते पत्र अजून कच्चं आहे. पैसे अजून मिळालेले नाहीत आणि मिळतीलच असंही नाही, असा त्याचा अर्थ होतो. बँकेत पुन्हा हेलपाटा पडला तरी पक्कं पत्र आणा.

मुदत ठेव, शेअर, म्युच्युअल फंड, सोनं, घर, जमीन यातलं काय चालतं?

कसोटी एकच: उद्या फी भरायची म्हटलं तर यातून पैसे निघतील का? मुदत ठेव मुदतीआधी मोडता येते असं बँकेनं लिहून दिलं तर बहुतेक ठिकाणी चालते. शेअर, रोखे, निवृत्तिवेतनाचा निधी, क्रेडिट कार्डाची मर्यादा, ओव्हरड्राफ्ट हे ब्रिटन मोजतच नाही. सोनं, घर, जमीन यांचं मूल्यांकन जोडायला हरकत नाही, घरची परिस्थिती कळते. पण तो आधार झाला, पुरावा नाही. जाडजूड मालमत्ता-मूल्यांकन आणि खात्यात खडखडाट, अशा फाइलीला अर्थ नसतो.

ब्लॉक्ड अकाउंट आणि जीआयसी म्हणजे काय?

दोन्हींची कल्पना सारखी आहे: पैसे आधीच त्या देशाच्या व्यवस्थेत नेऊन ठेवायचे आणि तिथे गेल्यावर हप्त्यानं घ्यायचे.

जर्मनीच्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ११,९०४ युरो भरले की तिथे पोचल्यावर महिन्याला ९९२ युरो मिळतात, त्याहून जास्त एकदम काढता येत नाहीत. खातं उघडायला, ओळख पटवायला आणि पैसे पोचायला वेळ लागतो. अपॉइंटमेंटच्या आदल्या आठवड्यात धावपळ करू नका. सेवा शुल्क वेगळं जातं, त्यामुळे पैसे पाठवताना बरोबर ११,९०४ पाठवले तर आत कमी पडतात. ही चूक इतकी नेमानं होते की मी आता पहिल्याच भेटीत सांगून टाकतो. ब्लॉक्ड अकाउंट नको असेल तर मान्यताप्राप्त शिष्यवृत्ती चालते, किंवा जर्मनीत राहणाऱ्या कुणीतरी तिथल्या सरकारी कार्यालयात जाऊन तुमच्या खर्चाची कायदेशीर हमी घ्यायची. अशी हमी घेणारा माणूस पुढे खरोखरच बांधील राहतो, त्यामुळे ओळखीच्या ओळखीकडे ती मागू नये.

कॅनडाचं जीआयसी म्हणजे कॅनडातल्या बँकेत घेतलेलं गुंतवणूक प्रमाणपत्र. झटपट निकालाची एसडीएस योजना होती तेव्हा ते सक्तीचं होतं. ८ नोव्हेंबर २०२४ ला ती योजना बंद झाली. जीआयसी आता अनेक पुराव्यांपैकी एक आहे. तरी मी ते सुचवतो, कारण त्याबद्दल वाद घालायला जागा उरत नाही.

शिष्यवृत्ती मिळाली आहे. मग पैसे दाखवायचे नाहीत?

शिष्यवृत्तीत काय-काय येतं ते पत्रात वाचा. फक्त फी माफ असेल तर राहण्याचे दाखवावेच लागतात. पत्रात रक्कम, कालावधी आणि अटी हव्यात.

तिकडे पार्टटाइम काम करून भागवीन, असं सांगितलं तर?

नको. होऊ घातलेली कमाई धरत नाहीत आणि असं लिहिल्यानं तुम्ही शिकायला चाललात की कमवायला, हा नवा प्रश्न उभा राहतो. अमेरिकेत विद्यापीठानंच दिलेलं असिस्टंटशिपचं काम आय-२० वर लिहिलेलं असेल तर ते मात्र धरतात.

अमेरिकेच्या मुलाखतीत पैशाबद्दल काय विचारतात?

बहुधा एवढंच: खर्च कोण करणार, ते काय करतात, वर्षाला किती कमावतात. मुलाखत काही मिनिटांची असते आणि जाडी फाइल अनेकदा उघडलीही जात नाही. म्हणून कागदांवर काय लिहिलंय ते तुम्हाला तोंडी यायला हवं. आय-२० वर स्वतःचे, विद्यापीठाचे आणि इतरांकडून मिळणारे पैसे वेगवेगळ्या ओळींत असतात. त्या ओळी आणि तुमचं बोलणं जुळलं पाहिजे. वडिलांचा व्यवसाय "बिझनेस" या एका शब्दात सांगून गप्प बसणारी मुलं मी पाहिली आहेत. कसला व्यवसाय, किती वर्षांपासून, किती माणसं कामाला, हे दोन वाक्यांत सांगता यायला हवं. पाठ केलेलं भाषण नको. ते लगेच ओळखू येतं.

कुटुंब बरोबर न्यायचं असेल तर?

प्रत्येक माणसामागे रक्कम वाढते. ऑस्ट्रेलियात जोडीदारासाठी १०,३९४ आणि एका मुलासाठी ४,४४९ डॉलर वरती, शाळेचा खर्च आणखी वेगळा. ब्रिटनमध्ये जानेवारी २०२४ पासून सुरू झालेल्या बहुतेक अभ्यासक्रमांना कुटुंब नेताच येत नाही; संशोधनावर आधारित पदव्युत्तर शिक्षण आणि सरकारी शिष्यवृत्तीवर असलेले विद्यार्थी हे अपवाद.

बँकेचे कागद कसे हवेत?

नाव, खाते क्रमांक, तारीख, बँकेचं नाव आणि चिन्ह, चलन आणि शिल्लक, एवढं प्रत्येकावर दिसलं पाहिजे. मोबाइलवरचा स्क्रीनशॉट कागद ठरत नाही. इंटरनेटवरून काढलेलं स्टेटमेंट असेल तर त्यावर शिक्का मागून घ्या. नुसत्या बॅलन्स सर्टिफिकेटवर एका दिवसाची शिल्लक असते, व्यवहार नसतात. म्हणून त्याच्या जोडीला स्टेटमेंट हवंच. इंग्रजीत नसलेला कागद प्रमाणित भाषांतरासह द्या. आणि स्टेटमेंटची सगळी पानं द्या, मधलं एक "काही नाही त्यात" म्हणून वगळलेलं पानसुद्धा.

आमच्या अर्जात आर्थिक कागद मागितलेच नाहीत. तयार ठेवायचे का?

हो. काही राष्ट्रीयत्वांच्या अर्जदारांकडून ब्रिटन ते अर्जासोबत घेत नाही, पण मागायचा हक्क राखून ठेवतं. मागितले तर त्या आधीच्या तारखांचेच लागतात, आणि तेव्हा ते नव्यानं तयार करता येत नाहीत.

एक एजंट महिनाभर खात्यात पैसे ठेवून देतो म्हणतोय. थोडं कमिशन घेतो.

घेऊ नका. त्याला फक्त कमिशन मिळतं, नाव तुमचं लागतं. अधिकारी बँकेला थेट विचारू शकतात आणि विचारतात. खोटी माहिती किंवा बनावट कागद निघाले तर कॅनडा पाच वर्षं दार बंद करतं, ऑस्ट्रेलियात तीन वर्षं नवा व्हिसा नाकारला जाऊ शकतो, ब्रिटनमध्ये बंदी दहा वर्षांपर्यंत जाते आणि अमेरिकेत ती कायमची असते. शिवाय पुढे कुठल्याही देशाचा अर्ज भरताना "पूर्वी व्हिसा नाकारला होता का" हा प्रश्न येतोच.

पैसे कमी पडत असतील तर एक सत्र पुढे जाणं, स्वस्त शहरातलं विद्यापीठ बघणं किंवा कर्ज वाढवून घेणं हे रस्ते आहेत. सहा महिने उशिरा गेलात याबद्दल कुणी विचारत नाही.

पैशाच्या कारणावरून नकार आला. लगेच पुन्हा अर्ज करू?

आधी नकाराचं पत्र दोनदा वाचा. ब्रिटनच्या पत्रात बहुधा नेमका दिवस आणि कमी पडलेली रक्कम लिहिलेली असते. ते दुरुस्त करून पुन्हा २८ दिवस मोजले की नवा अर्ज करता येतो. कॅनडाच्या पत्रात ठरावीक साच्याचं वाक्य असतं. तिथे अधिकाऱ्यानं लिहिलेली टिपणं मागवून घ्या, खरं कारण त्यातच सापडतं. तेच कागद, तेच पत्र, फक्त नवी तारीख, असा अर्ज पुन्हा भरणं म्हणजे फी वाया.

व्हिसा लागला. आता खात्यातले पैसे काढले तर चालतील?

फी भरायला, तिकिटाला, घराच्या अनामतीला काढा, त्यासाठीच तर ते होते. मात्र विमानतळावरचा अधिकारी पुन्हा विचारू शकतो, त्यामुळे प्रवासाच्या दिवशी पहिले काही महिने भागतील एवढं तुमच्या हाताशी असावं. ताजं स्टेटमेंट, कर्जाचं पत्र आणि फीच्या पावत्या हातातल्या बॅगेत ठेवा. मोठ्या सुटकेसमध्ये ठेवल्या तर तपासणीच्या खिडकीपाशी त्या अजून पट्ट्यावर फिरत असतात.